‘दिराला गोळी मी दिली होती. घरात सांगू का?’

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तिशीतल्या वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. गेल्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास त्यांचा २६ वर्षांचा धाकटा दीर तापाने आजारी पडला. अंग मोडून आलेलं, मळमळ, जेवणाचा वाससुद्धा नको. यजमान कंपनीत, सासूबाई रानात, त्यामुळे औषधपाण्याचं या ताईंकडेच होतं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामोलची ६५०ची गोळी त्यांनी चार दिवस, दिवसातून तीनदा दिली. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले. सासऱ्यांनी शेजारच्या गावातून काविळीचा पाला आणला आणि तीन दिवस सकाळी अनशेपोटी पाजला. मग उलट्या वाढल्या. रात्रभर टक्क जागा, दिवसा झोप. एका सकाळी त्याने आईलाच ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं. आधी साताऱ्याला, तिथून पुण्याला नेलं. आयसीयूत चौथ्या दिवशी तो गेला. निदान: अचानक यकृत निकामी होणं.

आता सासूबाई म्हणतात, काविळीला सलाईन चालत नाही, सलाईन लावलं म्हणून गेला. यजमानांच्या मनात दोन गोष्टी आहेत: रिपोर्ट सुधारत होता तर माणूस गेला कसा, आणि जमीन विकून लिव्हर बदलायला हवं होतं. ताईंनी मात्र फाइलमध्ये ‘एन-ॲसिटाइलसिस्टीन’ हे नाव वाचलं आणि फोनवर शोधलं. पॅरासिटामोलच्या विषबाधेवरचा उतारा, असं तिथे लिहिलेलं होतं. तेव्हापासून दीर आपल्याच हाताने गेला, अशी त्यांची खात्री झाली आहे. मागच्या आठवड्यात यजमानांना ताप आला, तेव्हा गोळी पाकिटातून काढून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पण ती नेऊन द्यायला हात होईना. ‘सांगितलं तर घर मोडेल, नाही सांगितलं तर मी मोडेन. काय करू?’ असं त्या विचारतात. पत्रासोबत त्यांनी हॉस्पिटलच्या कागदांच्या प्रती पाठवल्या आहेत.

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही दिलेल्या गोळीने तुमचा दीर गेला नाही. हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. डॉक्टर म्हणून तुम्ही पाठवलेला एकेक कागद वाचून म्हणते आहे.

तुमची सगळी खात्री ज्या एका नावावर उभी आहे, तिथूनच सुरुवात करू. एन-ॲसिटाइलसिस्टीन हा पॅरासिटामोलच्या विषबाधेवरचा उतारा आहे, हे खरंच. १९७०च्या दशकापासून ते त्यासाठी वापरलं जातं. पण तेच औषध इतर कारणांनी यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांनाही देतात. २००९ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा आजार पॅरासिटामोलमुळे झाला नव्हता, अशाच रुग्णांवर ती केली होती. मेंदूवरचा परिणाम अजून सुरुवातीच्या टप्प्यात होता, त्यांना प्रत्यारोपणाशिवाय वाचण्यात या औषधाची मदत झाल्याचं दिसलं. तेव्हापासून कारण कोणतंही असो, अनेक आयसीयूंमध्ये हे इंजेक्शन लगेच सुरू करतात. तुमच्या दिराला ते याच कारणाने दिलं असणार. ते लिहिताना डॉक्टरांना तुमच्यावर बोट ठेवायचं नव्हतं.

फोनवर तुम्हाला जी माहिती सापडली ती खोटी नाही, पण ती दुसऱ्या देशांच्या अनुभवातून लिहिलेली आहे. ब्रिटन-अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याचं सर्वात मोठं कारण पॅरासिटामोलचा अतिडोस हेच आहे. ब्रिटनने तर १९९८ साली दुकानात एका वेळी किती गोळ्या विकायच्या यावरही मर्यादा घातली. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथे पहिला क्रमांक विषाणूंचा: दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ई आणि ए, रक्तावाटे पसरणारा बी. त्यामागोमाग क्षयरोगाची औषधं. तुमच्या फाइलच्या तिसऱ्या पानावर ‘एचईव्ही आयजीएम पॉझिटिव्ह’ असं लिहिलं आहे. म्हणजे हिपॅटायटिस ई. त्या ओळीकडे तुमचं लक्ष गेलं नाही, कारण फोनने तुम्हाला आधीच दुसरीकडे नेलं होतं.

हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुतेकांना पाच-सहा. नागपंचमीला ताप आला म्हणजे ते पाणी आषाढाच्या तोंडाशी, कदाचित त्याही आधी कधीतरी प्यायलेलं. तुम्ही पहिली गोळी पाकिटातून काढलीत तेव्हा आजार त्याच्या यकृतात केव्हाच बसलेला होता. तो ताप, ती मळमळ, अन्नाचा तिटकारा ही काविळीचीच पहिली पावलं होती. म्हणजे गोळीने आजार आणला नाही, आजार आला होता म्हणून गोळी द्यावी लागली.

आता डोसाचं बघू. ६५०च्या तीन गोळ्या म्हणजे दिवसाला १९५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. तुमचा दीर दारू पीत नव्हता, अंगाने कृश नव्हता, तुम्ही दुसरी कुठली तापाची गोळी सोबत दिली नाहीत. शिवाय पॅरासिटामोलने यकृत जळतं तेव्हा रिपोर्ट वेगळा दिसतो. दोन-तीन दिवसांत एसजीपीटी (यकृताला झालेली इजा दाखवणारा आकडा) कित्येक हजारांवर, बऱ्याचदा दहा हजारांच्याही पुढे जातो आणि बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा मोजणारा आकडा) त्या मानाने कमीच राहतं. तुमच्या दिराचं बिलिरुबिन दाखल होतानाच २२ होतं आणि एसजीपीटी २३४०. हे चित्र विषाणूचं आहे.

तुमच्या यजमानांना छळणारा प्रश्नही याच कागदांवर सुटतो. ‘रिपोर्ट सुधारत होता’ असं त्यांना वाटलं, कारण दोन दिवसांत एसजीपीटी २३४० वरून ६१० वर आला. तो आकडा खाली येताना पाहून कुणालाही हायसं वाटेल. पण एसजीपीटी म्हणजे यकृताच्या फुटणाऱ्या पेशींमधून रक्तात सांडणारं द्रव्य. फुटायला पेशीच उरल्या नाहीत की तोही उतरतो. घर पुरतं जळून गेल्यावर धूर कमी होतो, तसं. त्याच दोन दिवसांत खालच्या ओळीतला आयएनआर ३.१ वरून ५.८ वर गेलेला आहे. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात आणि त्यातले काही रक्तात जेमतेम काही तासच टिकतात. त्यामुळे यकृत आज, आत्ता काम करतंय की नाही, हे आयएनआर सांगतो. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. काविळीत १.५च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, आणि जोडीला माणसाचं भान बिघडलं की त्यालाच यकृत अचानक निकामी झालं असं म्हणतात. यजमानांना ही दोन ओळींची जोडी दाखवा. हॉस्पिटलने काहीतरी लपवलं, हा त्यांचा संशय मला समजतो. आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना कुणी दोन मिनिटं खाली बसून हे समजावलं असतं, तर तो आलाच नसता. इतक्या मोठ्या बिलात ही दोन मिनिटं बसत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

सासूबाईंचं म्हणणं धुडकावून लावू नका. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यातून ते आलं आहे. काविळीची माणसं घरी असतात तोवर बहुतेक आपोआप बरी होतात, आणि ज्यांचं फारच बिघडतं तीच सलाईनपर्यंत पोहोचतात. मग लोकांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की सलाईन लावलं आणि गेला. खरं तर त्या बाटलीत ग्लुकोज होतं. आपण जेवत नसतो तेव्हा रक्तातली साखर यकृतच सांभाळतं. ते थांबलं की साखर अचानक खाली जाते आणि माणूस त्यानेही जाऊ शकतो. सलाईनने त्याला ते चार दिवस तरी तगवलं.

आणि पाला. पत्रात तुम्ही सासऱ्यांना कुठेही दोष दिला नाहीत. हे माझ्या लक्षात आलं आणि फार बरं वाटलं. तरी मी इथे गोड बोलणार नाही. हिपॅटायटिस ए आणि ई झालेली बहुतांश माणसं काहीही न करता चार-सहा आठवड्यांत बरी होतात. म्हणून तर आपल्याकडे गावोगाव काविळीचं ‘हमखास’ औषध असतं: कुठे पाला, कुठे माळ, कुठे नाकात थेंब, कुठे मनगटावर डाग. काही वनस्पती यकृताला इजाही करतात. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवू. तुमच्या दिराला दिलेला पाला कशाचा होता हेच कुणाला माहीत नाही, त्यामुळे त्याने काय केलं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. नुकसान झालं ते तीन दिवसांचं. डोळे पिवळे झाले त्या दिवशी एक आयएनआर झाला असता, तर तो शुद्धीत असतानाच यकृताच्या आयसीयूत पोहोचण्याची शक्यता होती. वाचलाच असता असं मी म्हणत नाही. आपल्या देशात या अवस्थेला पोहोचलेले निम्म्याहून जास्त रुग्ण प्रत्यारोपणाशिवाय वाचत नाहीत, आणि त्यात वेळेवर आलेलेही असतात. ती संधी गेली, एवढंच खरं आहे. आणि ती एकट्या सासऱ्यांनी घालवली नाही. गावात आयएनआर हा शब्दच कुणी उच्चारला नाही, त्या डॉक्टरांनीही नाही.

राहिली जमीन. यकृत काम करेनासं झालं की रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदूला सूज येते. आयसीयूतली धडपड मुख्यतः ती सूज आवरण्यासाठी असते: व्हेंटिलेटर, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, डोकं उंच ठेवणं, अमोनिया काढायला डायलिसिस, काही ठिकाणी प्लाझ्मा बदलणं. यकृत स्वतःला पुन्हा उभं करू शकणारा अवयव आहे, त्याला तेवढा वेळ मिळवून द्यायचा असतो. तो मिळणार नाही असं दिसलं तर प्रत्यारोपण. १९९४च्या कायद्यानुसार जवळचा नातेवाईक आपल्या यकृताचा भाग देऊ शकतो, आणि अशा रुग्णाला मृत दात्याच्या प्रतीक्षायादीतही तातडीचा अग्रक्रम मिळतो. पण तुमच्या फाइलमध्ये प्रत्यारोपणाचा विषय निघाल्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आहे, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बुबुळं प्रकाशाला प्रतिसाद देत नव्हती. त्यानंतर सर्जन सहसा ऑपरेशनला हात घालत नाहीत, कारण मेंदू परत येण्याची आशा उरत नाही. रक्तगट जुळायला हवा, दात्याच्या तपासण्या, समितीची परवानगी, हे सगळं त्या एका रात्रीत व्हायला हवं होतं. सातबारा हातात धरून गिऱ्हाईक शोधायला त्या रात्री वेळच नव्हता.

आता तुमचा खरा प्रश्न: सांगायचं का?

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं तुम्ही धरून चालला आहात. जो गुन्हा झालाच नाही, त्याची कबुली देऊ नका. दुःखात बुडालेलं घर कारण शोधत असतं. तुम्ही ‘माझ्यामुळे झालं’ म्हणालात तर ते वाक्य घरात कायमचं राहील, पुढे कितीही कागद दाखवलेत तरी. पण गप्प राहणंही बरोबर नाही. तुमच्या घरात चार माणसं चार वेगवेगळी कारणं मनात घेऊन एका ताटलीत जेवता आहात. सासरे पत्रात कुठेच बोलत नाहीत. माझी अटकळ आहे की तेही रात्री त्या पाल्याचाच विचार करत असतील.

म्हणून आधी फक्त यजमानांशी बोला. ‘मी काय केलं’ इथून नको, ‘मला कशाची भीती बसली’ इथून सुरू करा. फाइलमधलं ते नाव दाखवा, फोनवर काय वाचलंत ते सांगा, मागच्या आठवड्यात गोळी का देववली नाही ते सांगा. मग दोघांनी मिळून फाइल घेऊन साताऱ्यातल्या एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा आणि ‘आम्हाला हे समजावून सांगा’ एवढंच म्हणा. जमलं तर पुढच्या खेपेला सासू-सासऱ्यांनाही न्या. सासूबाईंना तुमच्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं सोपं जाईल. तिथे पाल्याचा विषय निघेल. निघाला तर सासऱ्यांकडे कुणी वळून बघू नये, एवढं आधी यजमानांशी ठरवून घ्या. ‘आपण सगळ्यांनीच आपल्याला जे ठाऊक होतं ते केलं’ हे वाक्य त्या घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं, आणि ते थोरल्या मुलाने म्हटलं तर बरं.

यजमान ऐकून घेणार नाहीत, उलट तुमच्यावरच येतील असं वाटत असेल, तर क्रम बदला. आधी एकट्या फिजिशियनला भेटा, माहेरचं कुणी सोबत घ्या, आणि यजमानांशी डॉक्टरांच्या समोरच बोला.

तुमचं पत्र वाचून ज्यांना आपल्या घरातली कावीळ आठवेल, त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. कावीळ दिसली की त्याच दिवशी रक्त तपासा, आणि चिठ्ठीवर बिलिरुबिन, एसजीपीटीच्या जोडीला पीटी-आयएनआर आहे ना हे बघा. नसेल तर मागून घ्या. माणूस घरी असेल तर डोळ्यांच्या रंगापेक्षा त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवा. रात्र-दिवसाची झोप उलटी झाली, एरवी शांत माणूस चिडचिड करू लागला, बोलणं अडखळलं, तर तो अशक्तपणा समजू नका. रोज सकाळी वार विचारा, कागदावर सही घ्या. दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा. पंजे फडफडले, सही वाकडी झाली, की त्याच तासाला निघा. जिथे यकृताचा आयसीयू आहे अशा मोठ्या हॉस्पिटलची चौकशी आधीच करून ठेवा. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी देऊ नका, ती मेंदूला आणखी खाली नेते आणि डॉक्टरांनाही चकवते. घरात घेतलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट सोबत न्या, पाला असेल तर पालाही, आणि तो दिला होता हे सांगायला लाजू नका. उपाशी ठेवू नका. तेल-हळद वर्ज्य करून कुणाचं यकृत बरं होत नाही, आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस तर नव्या आजाराला बोलावणं आहे.

क्षयरोगाची एकेटी (क्षयरोगावरच्या गोळ्या) चालू असताना उलट्या किंवा पिवळेपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि उंदराची पेस्ट पोटात गेलेला माणूस, चुकून असो की रागाच्या भरात, पहिले दोन दिवस ठणठणीत दिसला तरी घरी आणू नका. त्यातला पिवळा फॉस्फरस तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृतावर उतरतो.

पैशाचं: धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा विभागात जा, बिल झाल्यावर नको.

तुमच्या गावात पावसाळा पुन्हा येईल. तुम्ही लिहिता की नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक असतो. तिला उकळून गार केलेलंच पाणी द्या, दात घासायलासुद्धा. बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, बर्फ नको. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर) रोज पडते का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघणारी चाचणी) होते का, हे यजमानांना आशाताईंकडे विचारायला लावा. भावाच्या मरणाबद्दल काहीतरी करायला मिळणं त्यांनाही हवं असेल. गावात आणखी कुणाला कावीळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आपल्याकडे ई वरची लस सर्रास मिळत नाही, ए वरची मिळते. ती घरातल्या मुलांना द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.

यजमानांना पुन्हा ताप आला तर पॅरासिटामोल हीच त्यातल्या त्यात सुरक्षित गोळी आहे. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा, आणि सर्दी-खोकल्याच्या तयार गोळ्यांमध्येही तीच असते म्हणून पाकिटामागे वाचून घ्या. निमेसुलाइड स्वतःच्या मनाने आणू नका. बारा वर्षांखालच्या मुलांना ती द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, मोठ्यांच्या यकृतालाही ती चांगली नाही. पहिल्यांदा गोळी देताना हात थरथरला तर थरथरू द्या, यजमानांना स्वतः पाकिटातून घ्यायला सांगा.

‘मी मोडेन’ असं तुम्ही लिहिलंत, ते मी सहज म्हणून वाचलेलं नाही. झोप येत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं मनात येत असेल, तर फिजिशियनची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणि फाइल वाचून तिथल्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा काही वेगळं सांगितलं, तर मला पुन्हा लिहा.